शिडाच्या बोटीनं जलदुर्ग बघायचे, तर बोट सोडणार कुठं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही पुण्याचे तिघं मित्र, तिघंही मुंबई बंदरात शिडाची बोट चालवायला शिकलात, दोन हंगाम शनिवार-रविवार मांडव्यापर्यंत जाऊन येताय. आता ओळखीतल्या एकाची तीस फुटी बोट डिसेंबरअखेर नऊ दिवसांसाठी मिळते आहे. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा मराठा किल्ले गेले, त्यांतले चार दर्याचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. चारही किल्ल्यांवर स्वतःच्या शिडानं जायचं, उतरून नीट बघायचं आणि मुंबईला परत यायचं, असा बेत. आणि तुम्ही विचारलंय ते हे की नकाशाचं कुठलं अ‍ॅप चांगलं आणि नांगर किती किलोचा हवा.

अ‍ॅप कुठलंही घ्या. नांगराचं पुढं सांगतो. पण घोडं या दोन गोष्टींवर अडणार नाही. मी हा किनारा बावीस हंगाम करतोय, बोट एकतीस फुटी, पाण्याखाली साडेपाच फूट. तिच्यावर आजवर जे जे फजितीचे प्रसंग आले, त्यांतले बहुतेक बोट चालवताना आलेले नाहीत. ती नांगरावर सोडून आम्ही किनाऱ्यावर हिंडत होतो तेव्हा आले. युरोपात बोट मरीनात बांधायची, कुलूप लावायचं आणि गावात जेवायला जायचं. मुंबई ते गोवा तशी एकही जागा नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा आहे: किल्ल्यावर असताना बोट कुठं असेल, तिच्यावर कोण असेल, आणि किनाऱ्यावर उतरायची छोटी होडी, म्हणजे डिंगी, परत पाण्यात असेल की चिखलात?

आधी वारा, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. डिसेंबरात कोकणचा वारा बहुतेक दिवस वेळापत्रक पाळतो. रात्री जमीन गार पडली की मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई सुटतो, ईशान्येचा किंवा पूर्वेचा. पहाटे तो सर्वांत चांगला लागतो, नऊच्या सुमारास मरतो. मग तास-दोन तास समुद्र तेल ओतल्यासारखा. बाराच्या आसपास वायव्येचा खारा वारा येतो, तीन-चारपर्यंत दहा-पंधरा नॉटवर (तासाला तितके सागरी मैल) जातो, त्याच्याबरोबर आखूड, चिडखोर लाट. सूर्य बुडाल्यावर तासा-दोन तासांत पुन्हा शांत. फेब्रुवारी-मार्चात दुपारचा वारा याहून जोरकस असतो, पण तुमचा तो महिना नाही.

दक्षिणेला जायला हे वेळापत्रक वरदान आहे. पहाटे पाचला नांगर उचलायचा, किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांवर राहून मतलईवर पळायचं (फार बाहेर गेलात तर तो हाताला लागत नाही), शांत वेळेत इंजिन लावायचं आणि दुपारी वायव्येचा वारा पाठीवर घेऊन तीनच्या आत पुढच्या खाडीत शिरायचं. पाच नॉटच्या बोटीनं दिवसाला तीस ते पंचेचाळीस सागरी मैल आरामात होतात.

आता किनाऱ्यावर उतरायला कुठली वेळ चांगली, ते बघा. दुपारी वायव्येची लाट उघड्या नांगरवाड्यात सरळ आत येते. डिंगी वाळूला लावताना आडवी होते आणि बोट जमिनीच्या बाजूला ढकलली जाते, म्हणजे नांगर घसरला तर ती खडपावरच जाणार. सकाळी सगळं उलट. मतलई जमिनीकडून येतो, किनाऱ्याला लाट नसते, बोटीचं तोंड जमिनीकडे असतं आणि नांगर सुटलाच तर ती मोकळ्या पाण्याकडे सरकते. तेव्हा सात ते अकरा, हीच उतरण्याची वेळ.

म्हणजे घोळ लक्षात आला असेल. पुढं जायची वेळ सकाळ आणि उतरायची वेळही सकाळ. दिवसाला सकाळ मात्र एकच. ज्या दिवशी किल्ला बघाल त्या दिवशी मुक्काम हलणार नाही आणि ज्या दिवशी मुक्काम हलेल त्या दिवशी किल्ला होणार नाही. विजयदुर्गासारख्या बंद खाडीत हा नियम थोडा सैल होतो, कारण दुपारची लाट आतवर पोचत नाही. बाकी ठिकाणी तो मोडायचा मोह होतोच. दोनदा मोडला, दोन्ही वेळा पस्तावलो.

या हिशोबात नऊ दिवसांत चार किल्ले आणि परतीचा प्रवास बसत नाही. परतीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवे लोक तिथंच फसतात. मालवण ते मुंबई अंतर साधारण १८० सागरी मैल, आणि किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, उत्तरेकडं जाताना जरा पश्चिमेला झुकलेला. त्यामुळं वायव्येचा वारा जवळजवळ नाकासमोर येतो. दुपारभर तिरपे फेरे मारत शिडावर आठ तास काढाल तेव्हा सरळ रेषेत पंधरा मैल कापलेले असतील आणि अंगाचं पाणी पाणी झालेलं असेल. उत्तरेकडं जायला खरी साथ पहाटेच्या मतलईची. तो बाजूनं लागतो आणि बोट छान पळते, पण मिळतो चार-पाच तासच. बाकी इंजिन. म्हणून परतीला जायच्या दीडपट, कधी दुप्पट दिवस धरतो मी. तुम्हाला माझा सल्ला: एकाच दिशेनं जा. परतीला दुसरे तिघं बोट आणतील असं बघा, नाहीतर मालकालाच विचारा. मुंबईच्या बऱ्याच बोटी डिसेंबरात गोव्याकडे जातात, आणायला माणसं बदलतात. त्यात कमीपणा नाही.

आता किल्ले एकेक.

खांदेरी या सफरीतून काढून टाका. अपमान वाटून घेऊ नका. खांदेरी आणि उंदेरीच्या मधलं पाणी उथळ आणि खडकाळ आहे, बोटीच्या तळाची किल किंवा सुकाणू खडकाला लावून घ्यायला याहून सोयीची जागा मुंबईजवळ दुसरी नाही. थळच्या कोळ्यांना तिथला एकेक दगड ठाऊक असतो. एखाद्या रविवारी थळला जाऊन त्यांच्या होडीनं जा, बेटावर जायला परवानगी लागते का याची तिथंच चौकशी करा. १८६७चा दीपस्तंभ, वेताळाचं देऊळ, ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा दगड, सगळं निवांत होतं. १६७९मध्ये महाराजांनी इथं बांधकाम सुरू केल्यावर इंग्रजांची आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची जी तारांबळ उडाली ती का उडाली, हे तटावर उभं राहून मुंबईच्या तोंडाकडं बघितलं की आपोआप समजतं.

सुवर्णदुर्ग तुमच्या बोटीनं होईल. मुक्काम हर्णै, बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात. बेटाची थोडी आडोशाला मदत होते, तरी संध्याकाळी बोट डोलते, पातेलं गॅसवर हातानं धरून चहा करावा लागतो. इथं अडचण लाटेची कमी, गर्दीची जास्त. मासेमारीच्या होड्यांची दाटी असते आणि त्यांचे नांगर कुठं पडलेत ते वरून दिसत नाही. आल्या आल्या जागा पकडू नका. एखाद्या होडीजवळ जाऊन तांडेलाला, म्हणजे तिच्या प्रमुखाला, विचारा, “काका, इथं टाकला तर तुमच्या आड येईल का?” तो हातानं जागा दाखवेल, ती त्याचीच सोय बघून दाखवलेली असेल, आणि बहुतेक वेळा तीच चांगली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डिंगीनं बेटावर. महादरवाजा पूर्वेला, जमिनीच्या बाजूला आहे, पण बुरुजांच्या आड असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीवरचा मारुती बघायला विसरू नका. आत गवत माजलेलं असतं, पायात बूट हवेत. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो. तेव्हा बोटीवर एकानं थांबावं आणि दोघांनी बघून यावं. पापलेट तिथंच घ्या.

विजयदुर्गाला मात्र दोन सकाळी द्या. जमलं तर तीन. वाघोटन खाडीचं हे तोंड म्हणजे या किनाऱ्यावरच्या सर्वांत चांगल्या नैसर्गिक बंदरांपैकी एक. किल्ला दक्षिणेच्या टोकावर बसलाय आणि त्याला वळसा घालून आत आलं की एकदम शांत. एक काळजी घ्या: वळसा मोठा घ्या. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली दगडी बांधकाम आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी ते बुडी मारून पाहिलेलं आहे. शत्रूची गलबतं त्यावर आपटून फुटत, असं गावात सांगतात. ते खरं असो वा नसो, आपली बोट त्या गोष्टीत नको.

तीन तटांचा तो किल्ला कुणीही दाखवील. १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमारानं तो घेतला, तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली, हेही वाचलेलं असेल. साहेबाचे ओटे बघाल, १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेले. पण बोटीनं गेलेल्या माणसानं जे बघायलाच हवं ते किल्ल्यात नाही. खाडीतून सुमारे तीन किलोमीटर आत, गिर्ये गावाच्या बाजूला, आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे. कातळ कापून केलेली, जवळजवळ शंभर मीटर लांबीची. किल्ला बघणाऱ्या शंभरातले पाचही तिथं जात नाहीत, कारण रस्त्यानं जाताना ती लक्षात येत नाही. डिंगीनं जा, भरतीच्या शेवटच्या तासाला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओहोटीला गेलो होतो आणि गाळाचं डबकं बघून परत आलो, यात काय एवढं, असं म्हणत. दुसऱ्या दिवशी पाणी चढताना गेलो. खाडीचं पाणी त्या तोंडातून आत सरकत होतं, कातळाच्या कापीव कडा एकेक करत बुडत होत्या. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की ही रचना भरतीच्या भरवशावर उभी आहे. गलबत उधाणाच्या पाण्यावर आत घ्यायचं, ओहोटीला ते टेकलं की तळाला हात घालायचा. आज गाळ भरलाय, तरी कल्पना करायला अडचण पडत नाही. डिंगीत बसून वल्हं कातळाला टेकवून बघा, हातोड्यानं काढलेली पातळी अजून हाताला लागते.

सिंधुदुर्गाला स्वतःच्या बोटीनं शिरू नका. पहिल्या खेपेला तरी नाही. २५ नोव्हेंबर १६६४ला कुरटे बेटावर महाराजांनी मुहूर्ताचा दगड बसवला तो त्या जागेच्या आजूबाजूला खडक आहेत म्हणूनच. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या जहाजांना जवळ येऊ न देणारे खडक तुमची बोट मराठी माणसांची आहे म्हणून बाजूला सरकणार नाहीत. भरतीला यांतले बरेच झाकलेले असतात, वर फक्त पाण्याचा रंग बदलतो, आणि दुपारी सूर्य समोरून असेल तर तोही कळत नाही. शिवाय तो भाग १९८७पासून सागरी अभयारण्यात आहे, प्रवाळावर नांगर टाकणं कुणालाच शोभत नाही. बोट देवगडला ठेवा. देवगडचं बंदर लहान, पण आत शिरलं की सुरक्षित. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या मासेमारी बोटींनीही तिथंच आसरा घेतला होता. देवगडहून एसटीनं मालवण, मालवणच्या धक्क्यावरून होडीनं किल्ला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, त्यांचं पाणी बघा आणि शिवराजेश्वराला हात जोडून या. स्वतःच्याच बोटीनं जायचा हट्ट असेल तर सर्जेकोटचा एखादा तांडेल सोबत घ्या, त्याची मजुरी आनंदानं द्या.

ओखीचं नाव निघालं म्हणून. डिसेंबर सुरक्षित म्हणजे सुरक्षितच, असं धरू नका. २००९चं फयान वादळ नोव्हेंबरातलं होतं. रोज संध्याकाळी हवामान खात्याचा आणि इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) इशारा वाचायचा, आणि मासेमारी होड्या एकाएकी बंदरात परत यायला लागल्या तर कारण विचारत न बसता आपणही आत जायचं.

आता भरती-ओहोटी, म्हणजे डिंगीचं काय होणार ते. मुंबईला उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, दक्षिणेला जाल तसं कमी होत मालवण-गोव्याकडं दोन-अडीच मीटरवर येतं. अ‍ॅपमध्ये कोष्टक असतंच, पण कोकणातला जुना हिशोब तोंडपाठ ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. दुपारी जी वेळ तीच रात्री. दक्षिणेला भरती यापेक्षा जरा लवकर होते. हा हिशोब मिनिटांचा नाही, पण किनाऱ्यावर मोबाइल मेलेला असताना तो पुरतो.

आता तो आपल्या सात ते अकराला लावून बघा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी पाणी चढत असतं. उतराल तेव्हा चिखल, परत याल तेव्हा पाणी. यात धोका एकच, डिंगी वाहून जाण्याचा. तिला लांब दोर बांधा, वर झाडाला किंवा खडकाला. दशमी-एकादशीला उलट. उतराल भरल्या पाण्यावर, अगदी रुबाबात, बूटही न भिजवता, आणि याल तेव्हा खाडी निघून गेलेली.

मी हे शिकलो ते जैतापूरच्या खाडीत. दशमी होती. यशवंतगडाखाली नाटे गावाच्या बाजूला सकाळी सातला डिंगी लावली आणि रिक्षा करून कशेळीला कातळशिल्प बघायला गेलो. तिथं सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलाय, अंदाजे अठरा मीटर बाय तेरा मीटर, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी, मासे. बसून बघितला, उठून बघितला, वेळेचं भान राहिलं नाही. बारा वाजता परत येतो तर डिंगी आहे तिथंच आणि पाणी साठ पावलं लांब. आम्ही दोघं. ओढायला गेलो, गुडघ्यापर्यंत रुतलो, माझी एक चप्पल आजही तिथंच आहे. डिंगी वीसेक फूट सरकली आणि फस्स आवाज झाला. चिखलातल्या कालवांच्या धारांनी तळ उभा चिरला होता. बाजूलाच एक मावशी चिखलातून तिसऱ्या (शिंपल्या) काढत होत्या. त्यांनी मान वर करून आम्हाला बघितलं आणि म्हणाल्या, “तिथी बघून नाय आलाव?” एवढंच, आणि परत कामाला लागल्या.

चार वाजेपर्यंत सावलीत बसलो. मधल्या वेळात वायव्येचा वारा आला आणि समोर बोट, तिच्यावर कुणी नाही, झुलत झुलत एका ट्रॉलरच्या दिशेनं जाते आहे, थांबते आहे, परत येते आहे, हे बघत राहिलो. नांगर घसरला नाही. पण तेव्हापासून बोटीवर एक माणूस राहतोच. तुम्ही तिघं आहात, दोघं उतरा, एकानं राहा, पाळी लावा. तिघांनी एकत्र सेल्फी काढायचा असेल तर गावातल्या एखाद्या खलाशाला दिवसभरासाठी बोटीवर बसवा, इंजिन कसं सुरू करायचं आणि साखळी कशी सोडायची ते दाखवून. अनोळखी माणसावर बोट कशी सोपवायची, असं वाटेल. तो तुमच्याहून चांगला दर्यावर्दी असेल, काळजी करू नका.

नांगर: तीस फुटी बोटीला पंधरा किलोचा घ्या, तीस मीटर आठ मिलिमीटरची साखळी आणि तिला चाळीस मीटर दोर. वजनापेक्षा किती सोडता ते महत्त्वाचं, आणि नवे लोक आल्या वेळेच्या पाण्यावर हिशोब करतात. जयगडचं उदाहरण घ्या. ओहोटीला पोचलात, खाली तीन वाव, म्हणजे साडेपाच मीटर. भरतीला त्यात अडीच मीटर वाढणार. पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, एक मीटर. झाले नऊ. त्याच्या पाचपट, पंचेचाळीस मीटर सोडायला हवं. साडेपाचच्या हिशोबानं सत्तावीस सोडलंत तर मध्यरात्री मतलई आणि भरलेलं पाणी एकत्र येतील आणि तुम्ही चड्डीवर डेकवर उभे असाल. खाडीत बोट वाऱ्यापेक्षा प्रवाहानं फिरते, तेव्हा चारी बाजूंना जागा आहे का हेही बघा. नांगर बसला की इंजिन मागं मारून ओढून बघा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, माड आणि देवळाचा कळस असलं काहीही.

खाड्यांची तोंडं सगळी सारखी नसतात. दिघी-राजपुरी, जयगड, विजयदुर्ग, देवगड ही तुमच्यासारख्यांसाठी. बाणकोट, केळशी, आंजर्ले, पूर्णगड, आचरा इथं तोंडावर वाळूची पट्टी असते आणि ती दर पावसाळ्यात जागा बदलते. कागदी नकाशा असो वा अ‍ॅप, वाळूला ते कळवलेलं नसतं. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि समोरून वायव्येची लाट, अशा वेळी त्या पट्टीवर लाट उभी राहून फुटते. माझी स्वतःची बोट मी तिथं नेतो ती फक्त भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, गावातली एखादी होडी पुढं ठेवून. तुम्ही यंदा नेऊच नका.

रात्री चालवू नका. कारण एकच, जाळी. रायगडच्या किनाऱ्याला डोल जाळ्यांचे खुंट, त्यापुढं दक्षिणेला वाहती जाळी, कधी मैल-मैलभर, टोकाला एक बारकं झेंडं किंवा मिणमिणता दिवा. गुहागरच्या समोर एकदा अंधार पडता पडता इंजिनचा आवाज बदलला आणि बंद पडलं. तोंडात टॉर्च धरून, सुरी घेऊन खाली गेलो. पंख्याभोवती नायलॉन असं आवळलं होतं की उष्णतेनं वितळून त्याचा कडक गोळा झाला होता. अर्धा तास कापत होतो. ज्यांचं जाळं ते आले, दिव्याच्या उजेडात नुकसान बघितलं, पैसे ठरले, मी दिले. त्यांनीच मग ओढून आत नेलं. जाळं कापलंत तर पळून जाऊ नका. पुढच्या बंदरात तुमच्या आधी बातमी पोचलेली असते.

कागदपत्रांचं बोटीवर आणि मालकावर अवलंबून आहे. बोटीची नोंदणी, विमा, मालकाचं पत्र, तिघांची ओळखपत्रं यांचे चार-पाच संच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. २६/११ नंतर अनोळखी बोट नांगरली की विचारपूस होतेच आणि ती व्हायलाच हवी. आपणच आधी जाऊन सागरी पोलिसांना सांगितलं तर चहा मिळतो. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू, तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. ड्रोन घरी ठेवा.

तर मी असतो तर तुमचे नऊ दिवस असे लावले असते. पहिल्या दिवशी मुंबईहून पहाटे निघून दिघी, चाळीसेक मैल, जंजिरा बाहेरूनच बघायचा. दुसऱ्या दिवशी हर्णै. तिसरी सकाळ सुवर्णदुर्गाची. चौथ्या दिवशी जयगड. पाचवा दिवस लांबचा, जयगड ते विजयदुर्ग पंचेचाळीस मैल, पाचच्या आत निघायला हवं. अंगात आळस असेल तर मध्ये रत्नागिरीला मिऱ्याच्या बाजूला थांबा आणि शेवटचा एक दिवस कमी करा. सहावा-सातवा विजयदुर्ग आणि गोदी. आठवा देवगड, जेमतेम बारा मैल, दुपारी झोपा काढा. नवव्या दिवशी दोघं मालवणला आणि तिसरा बोटीवर. मालवणला कुणी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, मैत्री टिकेल.

बोट पाण्याखाली किती फूट आहे ते मालकाला विचारा आणि तारखा पक्क्या झाल्या की पंचांगात तिथ्या बघून दोन्ही इथं लिहा. हर्णैची सकाळ अष्टमी ते एकादशीच्या मध्ये येत असेल तर सगळं दोन दिवस पुढं-मागं सरकवता येतं का ते बघू. आणि डिंगीचा तळ कडक आहे की नुसत्या रबराचा, तेही सांगा.